नेमेसिया उतरत नाही

नेमेसिया तायपे अकरा वर्षं रोज प्रवासाला निघत होती आणि कुठेच जात नव्हती.

वांकायो शहरातल्या ज्या तळावरून डोंगरापलीकडच्या वांकावेलिकाच्या गाड्या सुटतात, तिथे गाडीत बसून राहणं हेच तिचं काम होतं. आमच्याकडे गाडी घड्याळ बघून सुटत नाही, भरली की सुटते. पुढे दोघं, मागे चौघं. रिकाम्या गाडीत पहिल्यांदा कोणी चढत नाही, कारण पहिला चढतो तोच सगळ्यांत जास्त ताटकळतो. म्हणून ड्रायव्हर तीन-चार खोटी माणसं आधीच आत बसवून ठेवतात. "एकच जागा! वांकावेलिका, एकच जागा!" असा पुकारा झाला की खरा माणूस धापा टाकत येऊन बसतो. मग खोट्यांपैकी एकाला लघवीला लागते, दुसऱ्याला रस्त्यापलीकडे चुलतभाऊ दिसतो. ते उतरतात ते परत येत नाहीत, आणि पुकारा पुन्हा सुरू होतो: "एकच जागा!"

या खोट्यांमध्ये नेमेसिया सगळ्यांत जुनी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मागच्या सीटवर, दाराला लागून, डोळे मिटून बसली होती. मी वांकावेलिकाच्या शाळेत शिकवतो. आई वांकायोला असते, म्हणून दर रविवारी सकाळी हा रस्ता माझ्या नशिबी. त्या दिवशी ड्रायव्हर माझं बोचकं उचलायला आला, तेव्हा ती डोळे न उघडता पुटपुटली, "मास्तर, बोचकं टपावर बांधू देऊ नका. बोचकं बांधलं की माणूस बांधला."

"का?"

"या गाडीत तुम्ही एकटेच आहात. बाकी आम्ही सगळे फर्निचर."

मी उतरून मागच्या गाडीत गेलो आणि दुपारच्या आत वांकावेलिकाला पोचलो. त्यानंतर दर रविवारी ती मला काहीतरी सांगत राहिली. तिच्या शब्दांत आवाज कमी आणि श्वास जास्त असायचा, कारण ड्रायव्हरने ऐकलं असतं तर तिची भाकरी गेली असती. जिच्या मांडीवर गाठोडं नाही ती बाई प्रवासी नव्हे. इंजिन चालू आहे याला काही अर्थ नाही, इंजिन तासभर चालू ठेवतात. घाटात झोप येऊ नये म्हणून ड्रायव्हर गालात कोकाची पानं भरायला लागला की समजायचं, आता निघणार. पानं फुकट घालवायला तो काही खुळा नाही. घाटातून उतरल्याशिवाय भाडं द्यायचं नाही. आणि ज्याला पोचायची घाई आहे त्यानं मोटार धरावी, ज्याला पोचायचंच आहे त्यानं रेल्वे धरावी. आमची रेल्वे निघते तिच्या मर्जीनं आणि पोचते जमेल तेव्हा, हे तर लहान पोरंही सांगतात. "पण ती खोटं बोलत नाही," नेमेसिया म्हणायची. "डबा रिकामा असला तर रिकामाच दिसतो."

ती स्वतः वर्षातून दोनदा रेल्वेनेच जायची, पेरणीला आणि काढणीला. इस्कुचाकाच्या पुलाजवळ उतरायची आणि तासभर चढून वायराकांचाला पोचायची. त्या गावात तिच्या बापाची डोंगरउतारावर बटाट्याची तीन पायऱ्यांची जमीन होती. बाप गेला, भाऊ नव्हता, नवरा तिनं केला नाही. काढणीच्या दिवसांतल्या भांडणात चुलतभाऊ अब्दोन तिला म्हणाला होता, "बाईच्या नावावर जमीन म्हणजे वाऱ्याच्या नावावर जमीन." त्याच वर्षी ती शहरात आली. कुणी म्हणतं पळून आली. ती म्हणायची, "पळून आले असते तर नाव घेऊन आले असते. नाव तिथंच ठेवलंय, यादीत."

ती यादी म्हणजेच सगळं. वायराकांचात जमीन कुणाच्या मालकीची नसते, गावाची असते, आणि ज्याचं नाव गावकीच्या यादीत आहे त्यालाच ती कसता येते. महिन्याच्या एका रविवारी सभा भरते, हजेरी होते. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिलं की नाव खोडलं जातं आणि जमीन मागेल त्याला मिळते. मागणारा कोण, हे सांगायला नको.

आधी सभांचा एवढा काच नव्हता. बाहेर असणाऱ्यांना कोणी विचारत नसे. मी सांगतोय त्या वर्षी अब्दोन गावकीच्या समितीवर गेला आणि नियम आठवायला लागला. पण रविवार हा वांकायोचा बाजाराचा दिवस, गाडीतळावर सगळ्यांत जास्त गर्दीचा. नेमेसियाला सुटी मागायची सोय नव्हती. पहिली सभा हुकली, दुसरी हुकली. तिसरीच्या आधीच्या गुरुवारी तिनं बाल्तासारला सांगितलं. बाल्तासार हा ड्रायव्हरांमधला जुना, हिरव्या स्टेशन वॅगनचा मालक, तळावर त्याचा शब्द चाले. "रविवारी मी तुझ्या गाडीतून इस्कुचाकाला जाणार. भाडं देऊन."

"बघू," बाल्तासार म्हणाला.

त्या आठवड्यात नदीकाठी दरड कोसळून रेल्वे बंद होती. नाहीतर तिनं त्याला सांगितलंही नसतं.

त्या रविवारी मी हिरव्या गाडीत पुढे बसलो होतो. मागे एक नवरा-बायको, एक म्हातारा आणि दाराशी नेमेसिया. तिच्या पायाशी गाठोडं होतं, मी पाहिलं. तळहातात भाड्याची नोट घामेजली होती, तीही मी पाहिली. पुढच्या सीटवर माझ्या शेजारी एक शिपाई येऊन बसला. मग दोन कोंबड्या काखेत मारून एक जाडजूड बाई आली. बाल्तासारनं मागचं दार उघडलं.

"चल नेमे, उतर."

"मी जाणारय."

"उतर गं, बाईला बसू दे."

"गुरुवारी सांगितलं होतं. हे घे भाडं. वांकावेलिकापर्यंतचं पूर्ण देते, उतरणार इस्कुचाकाला."

बाल्तासार हसला. "आज गाठोडंपण आणलंयस होय? नाटक झकास वठवतेस."

मागचा नवरा खवळला. "अहो बाई, आम्ही पाऊण तास बसलोय! तुमचं हे रोजचंच आहे, ठाऊक आहे आम्हाला."

"ठाऊक आहे तर बसलात कशाला?" नेमेसिया म्हणाली.

"हिला ओढा बाहेर," कोंबडीवाली म्हणाली. "माझ्या कोंबड्या उन्हात मरतील."

म्हातारा म्हणाला, "पोरी, खोट्याला भाडं नसतं. उतर."

ती खरं बोलते आहे हे त्या गाडीत एकट्या मला ठाऊक होतं आणि मी काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. मला सोमवारी शाळा होती, दर रविवारी हाच तळ होता, हाच बाल्तासार. माणूस एवढ्याशा कारणाने मुका होतो.

नेमेसियानं दार ओढून घेतलं, काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती तळावर मोठ्यानं बोलली.

"ऐका! त्या पांढऱ्या गाडीत निळा स्वेटर घातलाय ना, तो ड्रायव्हरचा मेहुणा! तो कुठं जात नाही! त्याच्या शेजारची बाई पलीकडे मक्याची कणसं विकते, ती पण जात नाही! मागच्या गाडीत चारही खोटे! आजोबा, तुम्ही टोपीवाले, उतरा, तुमच्या गाडीत तुम्ही एकटे आहात!"

मग दारं उघडू लागली. माणसं उतरली, बोचकी सोडा म्हणून ओरडू लागली. निळा स्वेटरवाला खाली मान घालून चालू लागला. ड्रायव्हर धावत आले.

"तिचं तोंड बंद कर, बाल्तासार!"

"कसं करू? तिच्या तोंडाला दार आहे का?"

"मग घेऊन जा तिला! आत्ताच्या आत्ता घेऊन जा इथून!"

अशा रीतीनं नेमेसियाला जागा मिळाली आणि तिची नोट बाल्तासारच्या खिशात गेली. कोंबडीवाली सामानाच्या जागेत बसली, कोंबड्यांसकट, आणि सगळा घाट शिव्या देत राहिली. बाल्तासारनं गालात पानं भरली होती, जबडा दगडासारखा हलत होता.

पठार संपून रस्ता नदीकडे उतरायला लागतो तिथे त्यानं गाडी थांबवली. इस्कुचाका अजून खूप खाली होतं, पूल काडीएवढा दिसत होता.

"उतर."

"इस्कुचाका आलं नाही."

"तुझं आलं. आणि उद्यापासून तळावर दिसू नकोस."

माझ्या तोंडून तेव्हा शब्द निघाला. उशिरा निघाला, पण निघाला. "तिनं भाडं दिलंय. वांकावेलिकापर्यंतचं."

बाल्तासारनं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, एवढी माया असेल तर तुम्हीपण उतरा."

मी उतरलो. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत नेमेसिया गाठोडं पाठीला बांधत होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे बोलायला?" ती म्हणाली.

"तू खरं बोलत होतीस."

"ते तळावर असतानापण खरंच होतं," ती म्हणाली आणि रस्ता सोडून उतारावर धावू लागली.

आम्ही गुरांच्या वाटेनं उतरलो, पूल ओलांडला आणि पलीकडचा चढ धरला. माझी छाती फुटायची वेळ आली होती. ती मागे वळून बघत नव्हती. तिला एकच आशा होती: तायपे हे T चं आडनाव यादीत अगदी शेवटाकडे येतं, तोपर्यंत पोचता येईल. पण गावाची पांढरी भिंत दिसायला लागली तेव्हा वाऱ्यावर नावं ऐकू येत होती, आणि ती M च्या मामानीपासून L च्या लाउराकडे चालली होती. उलटी.

"शेवटाकडून वाचतायत," नेमेसिया म्हणाली. तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. "अब्दोन."

सभा चावडीसमोरच्या अंगणात भरली होती. टेबलाशी अध्यक्ष फेलिसियानो, चष्मेवाला सचिव, आणि बाजूला हात बांधून अब्दोन. तिला पाहून तो हसला नाही. त्याची गरज नव्हती. नेमेसिया टेबलाकडे गेली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि बसलेल्या माणसांकडे बघू लागली. माझ्या लक्षात आलं की ती गाडीतळावर बघायची तशीच बघते आहे: मांडीवर काय आहे, तोंड कुणाचं हललं, पाय कुणाचे. सचिव नाव घेत होता, कुठूनतरी "हजर" येत होतं. तिरक्या टोपीची एक म्हातारी तीन वेगवेगळ्या आवाजांत तीनदा हजर झाली.

यादी संपली. सचिव म्हणाला, "सलग तिसरी गैरहजेरी. तायपे, नेमेसिया."

"मी इथं आहे."

"नाव झालं तेव्हा नव्हतीस," अब्दोन म्हणाला. "बस चुकली की बस गेली, शहरवाल्या बाई."

काहीजण हसले.

"दादा, तुझा रोलांदो हजर लागलाय ना?" नेमेसियानं विचारलं. "कुठाय? लिमाहून आला असेल तर भेटव की. आत्या आहे मी त्याची."

अब्दोननं बांधलेले हात सोडले.

"सचिव, किती हजर झाले?"

सचिवानं चष्मा सारखा केला. "चौऱ्याऐंशी."

"मी त्रेसष्ट माणसं बघतेय. बाकीची एकवीस कुठल्या गाडीत बसलीत?"

त्या एकवीस जणांच्या आया, भाऊ, बायका तिथंच बसल्या होत्या. शहरात, खाणीत, लिमात गेलेल्या माणसांसाठी घरचं कोणीतरी "हजर" म्हणतं हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि कोणी मोजत नाही यावरच सगळं चाललं होतं.

फेलिसियानोंनी टोपी हातात फिरवली. मग हळूच म्हणाले, "सचिव, लिही तिचं हजर. मुली, झालं तुझं काम. बस खाली आणि विषय संपव."

तिथं तिनं मान डोलावली असती तर जमीन तिची होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बस, बाई, बस.

"नाही," नेमेसिया म्हणाली. "आज तुम्ही उपकार म्हणून लिहाल, पुढच्या महिन्यात अब्दोन तो उपकार खोडायला सांगेल. हजेरी पुन्हा घ्या. पहिल्यापासून. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं."

"वेडी झालीस का?" म्हातारी ओरडली, यावेळी स्वतःच्या आवाजात. "माझी पोरं खाणीत आहेत! तुझ्या एका जमिनीपायी आमची घालवतेस?"

"मावशी, तुमच्या पोरांनी तीन महिन्यांतून एकदा यावं. मी आले. नोकरी घालवून आले."

"आणि नाही घेतली पुन्हा हजेरी तर?" अब्दोननं विचारलं.

"तर मी ही यादी घेऊन वांकावेलिकाच्या जमीन कचेरीत जाईन. रस्ता मला पाठ आहे."

फेलिसियानोंनी सचिवाकडे पाहून हात हलवला. हजेरी पुन्हा झाली, A पासून. माणसं एकेक करून उठली आणि बसली. ज्या नावाला कोणी उठलं नाही तिथं सचिवानं फुली मारली, आणि प्रत्येक फुलीला अंगणात कुठेतरी दबका हुंदका किंवा शिवी आली. "तायपे, रोलांदो." कोणी उठलं नाही. अब्दोननं बुटानं जमीन उकरली. फुली. "तायपे, नेमेसिया." ती उभीच होती, सचिवानं मान वर करून खात्री केली आणि लिहिलं.

सभा संपल्यावर हजर लागलेल्या प्रत्येकाला मोठ्या हंड्यातलं सूप वाटायचा रिवाज आहे. बायका वाडगे घेऊन बसल्या, माणसं ओळीने गेली. नेमेसिया पुढे झाली तेव्हा वाढणाऱ्या बाईनं पळी हंड्यात सोडली आणि पाठ फिरवली. मागचे थांबले. सगळं गाव बघत होतं.

नेमेसियानं घागऱ्याला हात पुसले, हंड्यातली पळी उचलली, ढवळून तळाचे बटाटे वर काढले आणि आपला वाडगा काठोकाठ भरला. मग दुसरा वाडगा भरून माझ्या हातात दिला.

"खा, मास्तर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माझ्या वाट्याचं आहे."