औषधाचं खरं नाव

सौंसरला आमच्या संत्र्याच्या बागेत फवारणीला येणारा तो माणूस औषधाला औषध म्हणत नाही, जहर म्हणतो. "औषध म्हटलं का हात सैल पडते, भाऊ." फवारणीआधी चिमूटभर माती उडवून तो वारा बघतो. रिकामी बाटली तीनदा खंगाळतो आणि ते पाणी पंपातच ओततो. त्याच्या या सावकाशीचा मला राग येई.

एका शनिवारी मला जामसांवलीला दर्शनाला जायची घाई होती. म्हटलं, "अरे, पंप नाल्यातच धुवून घे ना!"

"खाली बाया धुणं धुवून राहिल्या," तो शांतपणे म्हणाला. "त्याईले आवाज द्या, जहर येऊन राहिलं म्हणून. मंग धुतो."

मी नाल्याच्या काठापर्यंत गेलो, बायांकडे पाहिलं आणि तसाच परत आलो. त्यानं पंपात बादलीभर पाणी घातलं, खळखळून हलवलं आणि तेही झाडांवरच फवारून संपवलं. दर्शन राहिलं.

परवा कृषी केंद्रात, आता मलाही लागलेल्या सवयीनं, माझ्या तोंडून निघून गेलं, "एक लिटर जहर द्या."

दुकानदार गल्ला सोडून बाहेर आला, माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, घरी सगळं बरं हाय ना?"