कडव्याचा अर्थ सांगणार नाही

आश्विनात ऑस्ट्रेलियातल्या आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला वसंत असतो. तळ्याकाठी जॅकरँडाच्या जांभळ्या फुलांचा सडा, शेजारच्या बार्बेक्यूवरून येणारा सॉसेजचा धूर उदबत्तीच्या वासात मिसळलेला, आणि मधोमध पाटावर खडूने काढलेला हत्ती, अशा थाटात आमचा भोंडला होतो. हत्ती दरवर्षी डुकरासारखा दिसतो, पण त्याच्याभोवती फेर धरला की बेसूर गळेसुद्धा निर्धास्तपणे मोकळे होतात. शेवटी खिरापत. झाकलेला डबा हलवून दाखवायचा, गोड की तिखट एवढं विचारू द्यायचं, आणि ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

माझी लेक सई या फेरातच वाढली. मराठी बोलते, वाचताना मात्र अडखळते. बाविसाव्या वर्षी तिने एक गाणं रचलं ते इंग्रजीत, पण त्यातलं मधलं कडवं तिला मराठीतच सुचलं. चारच ओळी, भोंडल्याच्या ठेक्यावरच्या. युरोपातल्या मोठ्या गीतस्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाचं गाणं निवडणाऱ्या टीव्हीवरच्या स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोचलं, आणि आमच्या घरात कुणाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

मग भर उन्हाळ्यात, बाहेर सिकाडा किडे कर्कश ओरडत असताना, कार्यक्रमाच्या निर्मातीचा, डॅनीचा, व्हिडिओ कॉल आला. बाई गोड बोलणारी, आणि त्याचाच मला अधिक राग आला. तिचं म्हणणं असं, की मधल्या कडव्यात शब्दांऐवजी नुसता आलाप घ्यावा. सूर तेच, भाव तोच, फक्त प्रेक्षकाला अडल्यासारखं वाटायला नको. शब्द हवेच असतील, तर पडद्यावर त्यांचा इंग्रजी अर्थ द्यावा लागेल, नाहीतर तिथे ‘परकी भाषा’ एवढंच उमटेल. माझं डोकं फिरलं. इथेच, इप्सविचमध्ये जन्मलेल्या, इथल्याच शाळेत राष्ट्रगीत म्हणत मोठ्या झालेल्या पोरीच्या तोंडची भाषा परकी कशी? आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचा सल्लाही वेगळा नव्हता. ‘‘अगं, आधी जिंकू दे तिला, मराठी मग आहेच की.’’ हे ‘मग’ मी या देशात आल्यापासून ऐकते आहे, आणि ते उजाडलेलं अजून पाहिलेलं नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सईने हात वर केला. ‘‘आई, तू मध्ये बोलू नकोस प्लीज. It’s my song.’’ मग तिने शांतपणे डॅनीला खिरापतीची पद्धत समजावली. शब्द राहतील. खाली ते मराठीतच लिहायचे. अर्थ ती सांगणार नाही, लोकांनी ओळखावा. हे जमणार नसेल, तर गाणं मागे घेईन, असंही तिने त्याच स्वरात सांगितलं. डॅनी वरिष्ठांना विचारून कळवते म्हणाली.

उत्तर येईपर्यंत मला भीती वाटत होती. एवढी संधी पोरीच्या हातून चार ओळींपायी जाणार, हेच सारखं मनात येत होतं. तरी माघार घे, असं मी म्हटलं नाही. शेवटी होकार आला, आणि कडवं देवनागरीत टाइप करून पाठवायचं काम सईने माझ्यावर टाकलं. ऱ्हस्व-दीर्घ मी इतक्या वेळा तपासले, की नवरा म्हणाला, ‘‘आता पुरे, झिजतील ती अक्षरं.’’

अंतिम फेरीच्या संध्याकाळी सभागृहाबाहेर चाफा दमट हवेत नुसता घमघमत होता. सई एकटीच मंचावर आली. कडवं सुरू झालं तसा तिने एक हात बाजूला धरला, कुणाचा तरी हात हाती असल्यासारखा, आणि फेर धरून चालू लागली. भल्यामोठ्या पडद्यावर माझ्या भाषेची अक्षरं सरकत होती, त्यांच्या काना-मात्रांसकट, कुणाचीही परवानगी न मागता. माझ्या डोळ्यांना धार लागली.

ती जिंकली नाही. निकालात बरीच खाली राहिली. एक परीक्षक म्हणाले, सुंदर होतं, पण आम्हाला आत घेतलं असतं तर बरं झालं असतं. यांना अडवलं कुणी होतं? निवेदकाने हसत विचारलं, ‘‘आता तरी सांग, अर्थ काय?’’ सई म्हणाली, ‘‘Have a guess, mate.’’

बाहेर पडताना दाराशी एक वयस्क बाई काठी टेकत माझ्याजवळ आली. मी गायिकेची आई, हे तिने ओळखलं होतं. ती मूळची माल्टाची. कडवं ऐकताना तिला तिच्या आईचं, तिकडच्या भाषेतलं एक गाणं आठवलं. लग्नानंतर ते तिने कधी म्हटलं नव्हतं, कारण घरात ते कुणाला कळत नसे. असं सांगता सांगता ती तिथेच गाऊ लागली, खरखरीत, थरथरत्या आवाजात, आणि मग थरथर गेली. सई येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. दारातली गर्दी वळून पाहू लागली, रखवालदार दोन पावलं पुढे आला, पण बाईने आवाज कमी केला नाही. मला एकही शब्द समजत नव्हता. अर्थ विचारावा, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.