चुलीपाशी मागितलेली माफी
मनुका उकळल्याचा वास आला की मोताळ्याकडच्या आमच्या गावातलं छोटं चर्च आठवतं. प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांना घोटभर द्यायचा रस तिथे मनुका उकळूनच करत. एका रविवारी मनुकांची पुडी सापडेना, तेव्हा पाळकसाहेबांनी रस करणाऱ्या बाईला सगळ्यांदेखत चोर म्हटलं. थोड्या वेळाने पुडी त्यांच्याच पिशवीत निघाली. ते चुलीपाशी जाऊन हळूच माफी मागू लागले, तर ती रस ढवळत म्हणाली, "चोर सगळ्याइसमोर म्हनलं साहेब, मंग माफी इथं काऊन?" उपासनेत त्यांनी हातात घेतलेला पेला खाली ठेवला, सगळी हकिगत सांगितली आणि शेवटच्या रांगेत जाऊन तिच्यापुढे गुडघे टेकले. "हाव, झालं आता," ती म्हणाली, "उठा, लोक थांबून राह्यले." पश्चात्तापावरचे उपदेश मी नंतर पुष्कळ ऐकले, माफी मात्र अजूनही आधी चुलीपाशीच मागून बघतो.