तुलसीकाकांचा दुखवटा

बेटाच्या दक्षिणेला असलेल्या शमें ग्रेनिए गावच्या दवाखान्यात मी सोळा वर्षं नर्स होते. त्यातली बारा वर्षं दर गुरुवारी सकाळी बाकावर पहिले बसलेले असायचे ते तुलसीकाका. पांढरा सदरा, हातात टोपी, पायात रबरी चपला. कुलपात माझी चावी फिरायच्या आत ते उठून उभे राहायचे. मला याचा राग यायचा. ज्याला धड काही होत नाही त्याने पहाटेपासून बाक अडवायचा आणि तापलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईने ताटकळायचं, हे मला पटत नसे. एकदा तसं मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं. पुढच्या गुरुवारी ते भिंतीशी उभे होते आणि बाक रिकामा होता. तेव्हाही मला रागच आला.

ते यायचे तांस्यों बघायला. आमच्या बेटावर ब्लडप्रेशरला सगळे फ्रेंच शब्द वापरून तांस्योंच म्हणतात, मराठी बोलतानाही. मी पट्टा बांधायचे, हवा भरायचे, आकडा कार्डावर लिहायचे. आकडा नेहमी थोडा वर असायचा, घाबरावं इतका नाही. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे, असं मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं असेल. ते मान हलवायचे आणि पुढच्या गुरुवारी हजर व्हायचे.

मी मूळची ग्रां बुआची. शमें ग्रेनिएला बदली झाली तेव्हा तिशीची होते, लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली होती. गावातली मराठी घरं मला ओळखत होती, सणाला बोलत होती, पण मी त्यांच्यातली नव्हते. त्यामुळे तुलसीकाकांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि कळून मी काही केलं नाही.

काका ऊसतोडीला जायचे. मूलबाळ नव्हतं. बायको इंद्राणी पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीत गेली, त्या मोठ्या वादळाच्या आठवड्यात. तिला दम्याचा त्रास होता आणि पत्रे उडालेल्या घरात ती दोन रात्री भिजत पडली होती. रस्त्यांवर झाडं आडवी झालेली, तारा तुटलेल्या. तिचा भाऊ सत्यदेव व्हाकोआ शहरातल्या सरकारी कचेरीत होता, त्याला बातमी पोचायलाच पाच दिवस लागले. तेराव्याला गावातली चार माणसं जमली. ज्याला त्याला आपापल्या छपराची चिंता होती.

या माणसाचा गावात मान होता तो झाकरीमुळे. गणपतीत मृदंगाच्या ठेक्यावर गोल धरून नाचत म्हणायची ती झाकरी. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची. शमें ग्रेनिएत ओळ सांगायचे तुलसीकाका. मृदंगावर जयराम. मी आले त्या पहिल्या दोन वर्षांत त्यांना ऐकलं होतं. उंच, मोकळा आवाज, रस्त्यापलीकडच्या चिनी दुकानातली माणसंही बाहेर येऊन उभी राहायची. इंद्राणी गेल्यावर त्यांनी झाकरी सोडली. पहिलं वर्ष कोणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी लोक म्हणाले, मन लागत नसेल. तिसऱ्या वर्षी कोणीतरी प्रसाद घेऊन घरी गेलं, तर यांनी हात मागे घेतला. मग मात्र गावाने नाक मुरडलं. म्हातारा शिष्ट झालाय म्हणाले, आणि त्यांना त्यांच्या वाटेला सोडून दिलं. माझंही मत तेच होतं.

कार्डावर मात्र सगळं उतरत होतं आणि ते माझ्याच अक्षरात होतं. वजन दर वर्षी कमी. झोप नाही. भूक नाही. पायाला लागलेली पत्र्याची एक जखम तीन महिने भरली नाही. काय खाता विचारलं की म्हणायचे, पाव आणि चहा. कशाबरोबर, तर कशाबरोबर नाही, उभ्या उभ्याच. मला ते बोचायला हवं होतं, कारण माझं रात्रीचं जेवणही तेच होतं. पण मी फक्त लिहून घेतलं. गोष्टी विसरतात, असंही एकदा लिहिलं. शेजारच्या माणसाचं नाव त्यांना आठवेना. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, खास काही निघालं नाही.

आणि त्यांचा घसा बसलेला असायचा. गुरुवारी पहिला शब्द काढताना त्यांना दोन-तीनदा खाकरावं लागे. मी गुळण्यांचं औषध दिलं, एक बाटली संपली की दुसरी. सहा बाटल्या झाल्यावर एकदा सहज विचारलं, मोठ्याने बोलता का फार? ते म्हणाले, गेल्या गुरुवारनंतर आत्ताच बोलतोय. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

ही गोष्ट ब्याऐंशी सालापर्यंत अशीच चालली. त्या वर्षीच्या गणपतीनंतरच्या गुरुवारी जयरामची बायको पुष्पावती दवाखान्यात मोदकांचा डबा देऊन गेली. पट्टा सोडल्यावर मी एक मोदक काकांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"मला चालत नाय, बाय."

"तुम्हाला साखर नाही, काका. तांस्यों आहे," मी म्हटलं, थोडं खेकसूनच.

"तसं नाय. माझा दुखवटा काढला नाय कोणी."

मी डबा खाली ठेवला. घरात मृत्यू झाला की आमच्यात सुतक तेराव्याला फिटतं, पण दुखवटा राहतो. तो नात्यातल्या माणसांनी येऊन काढायचा. नवा कपडा अंगावर घालायचा, गोड जेवू घालायचं, आणि म्हणायचं, ऊठ, आता चारचौघांत ये. तोवर त्या माणसाने गोड खायचं नाही, दुसऱ्याच्या सणाला जायचं नाही, गायचं नाही. हे मला ठाऊक होतं. माझ्या आजीचा दुखवटा मामाने काढलेला मी पाहिला होता. फक्त तो कोणाचा तरी काढायचा राहू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"सात वर्षं?" मी विचारलं. "मग सांगायचं ना कोणाला."

"माझा दुखवटा काढा, असं आपल्या तोंडानं कोण सांगतंय?" ते म्हणाले. तक्रार करतोय असा सूर नव्हता. टोपी घातली आणि निघाले.

मी त्या दिवशी दुपारपर्यंत काम केलं. मला काही वाटत नव्हतं, हात आपोआप चालत होते. संध्याकाळी मी जयरामकडे गेले. तो अंगणात मृदंगाला गवसणी घालत होता. दुखवटा म्हटल्यावर तो गोंधळला. तो म्हणाला, तो तर व्हाकोआच्या मेहुण्याने काढला, रस्ता सुरू झाल्यावर आला होता की, आम्ही सगळ्यांनी त्याला येताना पाहिलं. मग गणपतीत काका का येत नाहीत, असं कधी विचारलंत का, असं मी म्हटलं. गणपतीला काय बोलावणं असतं का, तो म्हणाला, ज्याला यायचंय तो येतो. हे खरंच आहे. आमच्याकडे गणपतीला कोणी कोणाला बोलावत नाही.

रविवारी बसने व्हाकोआला गेले. सत्यदेव तोवर निवृत्त झाला होता आणि देवळात मुलांचे मराठीचे वर्ग घ्यायचा. वर्ग सुटेपर्यंत मी पायरीवर बसले. मुलं इथल्या क्रिओल बोलीत भांडत घरी गेली. त्याने मला घरी नेलं, चहा दिला, आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी मी पोचलो, तो म्हणाला, तेरावं होऊन गेलं होतं. गावाने तेरावं केलं म्हणजे दुखवटाही काढला असणार असं मी धरलं. रिकाम्या हाताने गेलो होतो, चहा पिऊन परत आलो. पुन्हा विचारणं बरं दिसलं नसतं.

त्याने माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "त्यानं माझ्या हाताकडं बघितलं होतं. मला वाटलं, रडायच्या आधी माणूस खाली बघतो तसं."

मला या सगळ्यांची चीड आली होती. परतीच्या बसमध्ये ती चीड हळूहळू माझ्यावरच येऊन बसली. बाकीच्यांनी त्या माणसाला वर्षातून एकदा पाहिलं होतं, मी आठवड्यातून एकदा. त्याच्या दंडाला हात लावणारी गावात मी एकटीच होते, आणि त्यासाठीच तो येत होता, हे कळायला मला सात वर्षं लागली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सत्यदेव आला. सोबत बायको, धोतर, सदरा, खांद्यावरचा पंचा आणि डब्यात शेवयांची खीर. जयराम, पुष्पावती, आणखी पाच-सहा माणसं, मी. काकांचं घर झाडलेलं होतं. ओट्यावर एकच कप, एकच ताटली. सत्यदेवने त्यांना पाटावर बसवलं, पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, ऊठ दाजी, आता चारचौघांत ये. काकांचा चेहरा हलला नाही. त्यांनी खीर खाल्ली, दोन वाट्या, सावकाश. मग विचारलं, "झालं?"

"झालं," सत्यदेव म्हणाला.

"कोरेक," काका म्हणाले, क्रिओलमध्ये ठीक आहे म्हणतात तसं, आणि ताटली धुवायला उठले.

पुढच्या गणपतीत ते आले. नवं धोतर नेसून, लोक जमायच्या आधीच. जयरामने ठेका धरला, नाचणाऱ्यांचा गोल उभा राहिला, आणि ओळ सांगायची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. त्यांनी पहिली ओळ सांगितली. चिरकी होती, पण लागली. लोकांनी ती उचलली. दुसऱ्या ओळीला त्यांचं तोंड उघडलं आणि काही आलं नाही. शब्द गेले होते की आवाज, मला कळलं नाही. ठेका चालू होता. जमलेल्या माणसांनी न ऐकलेली ती ओळ म्हणून टाकली, सगळ्यांना पाठच होती. काकांनी पाय थांबवले नाहीत. पुढच्या फेरीत ते सरकून दुसऱ्याच्या मागे गेले आणि त्यानंतर नेहमी तिथेच राहिले.

गुरुवारी पट्टा बांधताना मी विचारलं, कसं वाटलं, काका? त्यांनी विचार केला. "सगळे होते. बरं झालं. मला काय वाटलं नाय, बाय. वाटायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, दार उघडलं की माणूस बाहेर येईल. तो आलाही, पण सगळा आला नाही. कार्डावर वजन थोडं वाढलं, झोप लागायला लागली, गुळण्यांची बाटली बंद झाली. लोक त्यांना वाटेत थांबवून बोलायचे. नावं मात्र परत आली नाहीत आणि गाणीही. डॉक्टर म्हणाले, वय आहे. असेल. मी वाद घातला नाही.

गुरुवार त्यांनी सोडला नाही आणि मीही महिन्यातून एकदा या असं म्हणायचं सोडलं. आकडा लिहून झाल्यावर मी पट्टा लगेच सोडत नसे. ते त्यांच्या वाडीतले टोमॅटो आणायचे. मी एकटी राहते, पाव-चहावर भागवते, हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण टोमॅटो ठेवताना म्हणायचे, बसून खा.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये एका गुरुवारी बाक रिकामा होता. मी कुलूप उघडलं नाही, तशीच त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर होते, झोपेतच गेले होते.

तेरावं गावाने केलं. या वेळी पन्नास माणसं होती. मी स्वयंपाकाला हात लावला, भांडी पुसली, खोलीवर परतले. मला रडू आलं नाही. त्यांच्यामागे दुखवटा कोणाचा काढायचा, हा प्रश्नच नव्हता. घरात मागे कोणी राहिलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी दवाखाना उघडला, पट्टा काढला, टेबलावर ठेवला आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले. त्या महिन्यात मी कोणाशी कामापलीकडे बोलले नाही. एका सकाळी पेशंटचं नाव पुकारायला तोंड उघडलं तर आधी खाकरावं लागलं.

गणपतीच्या आधीच्या रविवारी दारावर थाप पडली. सत्यदेव होता, व्हाकोआहून एकटाच आलेला, सत्तरीच्या घरातला माणूस, दोन बस बदलून. हातात कागदाचं पुडकं आणि कापडात बांधलेला डबा. मला वाटलं, काकांच्या घराचं काही काम असेल. घराची किल्ली जयरामकडे आहे, असं मी सांगायला लागले.

"किल्ली नको," तो म्हणाला. "गेल्या खेपेला दुसऱ्यानं काढला असणार म्हणून मी धरून बसलो. आता नाय धरणार. बस, बाय."

मी माझ्या एकुलत्या खुर्चीवर बसले. त्याने पुडकं सोडलं. आत पुरुषाचा पंचा नव्हता. निळ्या काठाची साडी होती, घडी न मोडलेली. ती त्याने माझ्या खांद्यावर ठेवली, आणि डबा उघडायला लागला.