कॅनडापर्यंत पोचलेला कान

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कुणीतरी तिखट-मीठ लावून सांगेल, आणि माझ्या फजितीला तिखट-मीठ लावायचा हक्क फक्त माझा आहे.

गोष्ट माझ्या भाचीच्या लग्नाच्या पुराव्याची. तुम्ही म्हणाल, लग्नाला कसला आलाय पुरावा? मीही तेच म्हणालो होतो, आणि तिथेच फसलो.

जन्मभर मी नाशिक रोडला मंडप-डेकोरेशनचा धंदा केला. शाळेचं आणि माझं सातवीत फाटलं, पण लग्न या विषयात माझ्याइतका शिकलेला माणूस तुम्हाला गोदावरीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. किती लग्नं उभी केली, किती रुसलेले जावई हसवले, किती नवरदेवांचे बूट पळवले, त्याला गणती नाही. आता धंदा मुलगा बघतो. मी फक्त लोकांना छळतो.

किरण ही माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची, एकुलती एक मुलगी. वडील लवकर गेले, त्यामुळे माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. इथेच शाळेत शिकवते. तिचं लग्न देवळ्याच्या अमोलशी झालं. कांद्याच्या घरातला पोरगा, पण कॅनडात मोठमोठी मशिनं दुरुस्त करतो. लग्न झालं, सत्यनारायण झाला, गडावर जाऊन देवीचं दर्शन झालं, आणि सुट्टी संपली म्हणून जावई विमानात बसून निघून गेला. नवरी राहिली इकडेच. बायकोला तिकडे न्यायचं तर तिकडच्या सरकारला पटवावं लागतं, की हे लग्न खरं आहे, व्हिसापुरतं जमवलेलं नाही.

बघता बघता महिने लोटले. एकदा पोरगी मला म्हणाली, "मामा, माझं जेवण होतं तेव्हा त्याचा नाश्ता असतो. एका वेळी एकाच टेबलावर कधी बसणार आम्ही?" म्हणाली हसत, पण त्या हसण्याला रंग नव्हता. मंडपवाला आहे मी, खोटी फुलं लांबून ओळखतो.

मग आम्ही गंगापूर रोडच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्या हेच काम करतात. वय माझ्या सुनेएवढं, पण चेहरा असा गंभीर, की समोर बसलं की आपोआप हात मांडीवर येतात.

"काका, सर्टिफिकेट आहे, पत्रिका आहे. आता लग्नाचे फोटो हवेत," बाई म्हणाल्या. "निवडक. आणि प्रत्येकाखाली कोण आहे आणि काय चाललंय, ते दोन ओळींत लिहा. मराठीत चालेल, आम्ही भाषांतर करून घेतो."

"बाई, सगळी कॉलनी जेवून गेली. त्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

"पंगत पाठवता येत नाही काका. फोटो पाठवता येतात."

किरण म्हणाली, मी निवडते. मी म्हटलं, तू पोरांचे पेपर तपास. लग्न हे मामाचं खातं आहे.

आता माझी अक्कल बघा. अल्बममध्ये ते असतात ना, नवरा-नवरी हातात हात घालून, पाठीमागे तळं, हवेत पदर? ते सगळे मी बाजूला काढले. म्हटलं, हे नाटकी. असे फोटो पैसे दिले की कुणीही काढून देतं. साहेबाला खरं लग्न दाखवायचं तर खरे प्रसंग पाहिजेत. घाम पाहिजे, गर्दी पाहिजे, रडारड पाहिजे.

पहिला काढला अंतरपाटाचा. दोघांच्या मध्ये कापड धरलंय, भटजींचं तोंड उघडं आहे. खाली लिहिलं, 'नवरा-नवरीने एकमेकांचं तोंड अजून पाहिलेलं नाही.'

दुसरा अमोलचा. अनवाणी, पाटाखाली वाकून बूट शोधतोय. खाली लिहिलं, 'नवरदेव पळून जाऊ नये म्हणून बूट आम्हीच ताब्यात घेतले.'

तिसरा माझा लाडका. कानपिळीचा. किरणला भाऊ नाही, म्हणून भावाचा तो मान मीच घेतला होता. सत्तरी ओलांडलेला करवला तुम्ही कुठे बघितला नसेल. फोटोत मी दात काढून हसतोय, जावयाचा कान माझ्या मुठीत आहे आणि त्याचे डोळे पार कपाळात गेलेत. खाली लिहिलं, 'मामा कान पिळताना. काहीतरी वसूल केल्याशिवाय मामा कान सोडत नाहीत.'

आणि शेवटचा पाठवणीचा. किरण आईच्या गळ्यात पडून रडतेय, चार बायका तिला गाडीकडे नेतायत. खाली काय लिहिलं असेल? 'नवरी जायला तयार नव्हती, शेवटी ढकलून बसवली.'

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शकूने, चष्मा लावून सगळं वाचलं. "अहो, सरकारी काम आहे. तिथे टवाळी कशाला?"

"शकू, तो साहेब दिवसभर रटाळ कागद वाचत असेल. जरा हसेल बिचारा. हसलेला माणूस लवकर सही करतो, हा धंद्यातला अनुभव आहे."

"तुमच्या धंद्यात लोक हसून सही करायचे आणि मग बिल द्यायला टाळायचे," एवढं बोलून ती कुकर लावायला गेली.

वकीलबाईंनी फोटो चाळले, ठीक आहे म्हणाल्या. खालच्या ओळी भाषांतरवाल्याकडे गेल्या. तो निघाला भलताच प्रामाणिक. शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं, त्यात एक हसू म्हणून शिल्लक ठेवलं नाही. आणि फाइल गेली कॅनडाला.

काही महिन्यांनी किरणचा फोन आला. "मामा, वकीलबाईंनी बोलावलंय. मामीलाही घेऊन या." आवाज असा, की द्वारका चौकाच्या गर्दीतून मी एकही शिवी न देता रिक्षा नेऊ दिली.

आत गेलो तर किरण आणि सुमन आधीच बसलेल्या. बाईंच्या समोर कॅनडाचं पत्र.

"काका, या ओळी तुम्ही लिहिल्यात?"

"हो. आवडल्या का त्यांना?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आपण अर्जात लिहिलंय की दोघं वर्षभर बोलत होते, भेटले, मग लग्न ठरलं. त्यांनी विचारलंय, मग लग्नात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं म्हणजे काय? नवरदेव पळून जाईल अशी भीती का होती? नवरीला गाडीत ढकललं कुणी? आणि," इथे त्या माझ्याकडे बघायला लागल्या, "फोटोतला जो वयस्कर माणूस नवरदेवाला इजा करतोय, तो कोण? त्याने काय वसूल केलं? त्याचा या दोघांवर अजून दबाव आहे का?"

माझं हसू कानापर्यंत आलं होतं, ते तिथेच अडकलं.

"उत्तर पटलं नाही तर?" सुमनने विचारलं.

"तर अर्ज नाकारतील. मग सगळं पहिल्यापासून." बाईंनी मान खाली घातली. "ओळी मीही वाचायला हव्या होत्या. पण आता उत्तर चोख गेलं पाहिजे."

किरण रडली नाही, ओरडली नाही. त्यापेक्षा वाईट केलं. शांतपणे म्हणाली, "मामा, जन्मभर माझी थट्टा केलीत, मी कधी काही बोलले का? कॅनडाची कशाला केलीत?"

पण मी काय लगेच खचणारा आहे का? म्हटलं, "यात काय अवघड आहे? रीत समजावून सांगू. लिहा बाई."

बाईंनी पेन उचललं. "कानपिळीचा अर्थ काय?"

"बजावून ठेवायचं असतं. आमच्या पोरीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ आमच्याशी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, ही धमकी झाली."

"धमकीच असते, पण प्रेमाची."

"प्रेमाची धमकी कुठल्याच रकान्यात बसत नाही. बरं, तुम्ही वसूल काय केलं?"

"घड्याळ. हे काय, हातातच आहे."

"आधी ते काढून खिशात ठेवा," शकू म्हणाली.

मी म्हटलं, थांबा, साक्षीदारच उभा करतो. देवळ्याला फोन लावला, अमोलच्या वडिलांना. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. "व्याही, तुमच्या पोराचा कान मी पिळला, त्याबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

"तक्रार कसली मामासाहेब? रीतच शे ती." मी बाईंकडे विजयी नजरेने पाहिलं. तेवढ्यात व्याही पुढे म्हणाले, "पण लय जोरात पिळला व्हता तुम्ही. पोरगं दोन दिवस कानाला हळद लावून बसलं व्हतं. त्याची आई तर म्हणे, हा मामा हाय का मांत्रिक?"

"हे मी लिहीत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनीच हात पुढे करून फोन बंद केला.

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. मी बाजूला काढलेले सगळे हातात-हात, तळं, पदर मागवले. दोघांचं रोजचं बोलणं, फोनवरचे निरोप, विमानाची तिकिटं काढली. अमोल स्वतः लिहून देणार होता, की लग्न मी स्वतःच्या मर्जीने केलं, बूट रीतीप्रमाणे चोरले आणि कान आता बरा आहे. भटजींकडून अंतरपाटाचा अर्थ लिहून घ्यायचं ठरलं. किरणच्या तोंडावर जरा रंग आला.

"पण एक मोठा प्रश्न राहतोच," बाई म्हणाल्या. "हा वयस्कर माणूस. याचा कुणावर दबाव नाही, हे याला अगदी जवळून ओळखणाऱ्या कुणीतरी शपथेवर सांगायला हवं."

सगळ्यांच्या माना हळूहळू शकूकडे वळल्या. ती इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने पदर नीट केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "लिहा."

आमच्या संसारात ती इतकं सलग कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"मी यांची बायको. जन्म यांच्यासोबत काढला. यांनी आजवर कुणावर जबरदस्ती केलेली नाही, कारण यांचं कुणी ऐकतच नाही. घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा यांना विचारत नाही. मंडपाची माणसं यांना हो म्हणतात आणि मुलाने सांगितलेलं करतात. आवाज मोठा आहे, पण भिंतीवर पाल दिसली की मलाच हाक मारतात."

"शकू, विषय कानाचा चाललाय," मी म्हटलं.

"काका, मध्ये बोलू नका. काकू, चालू द्या." बाईंचं पेन असं धावत होतं, की माझ्या मुलाच्या लग्नातली घोडीही तशी धावली नव्हती.

"किरणच्या लग्नात यांचा कुणाला धाक नव्हता. नवरदेवालाही नव्हता, तोच यांना पाणी आणून देत होता. पाठवणीच्या फोटोत हे दिसत नाहीत, कारण त्या वेळी मंडपामागे ताडपत्रीच्या ढिगावर बसून रडत होते. सगळ्यात जास्त तेच रडले."

"बाई, हे शेवटचं खोडा," मी म्हटलं. "हे खाजगी आहे."

"काका, हेच सगळ्यात कामाचं आहे."

किरणने माझ्याकडे पाहिलं. मी छतावरचा पंखा बघत बसलो.

बरं, एवढ्यावर भागलं का? कोर्टाजवळ नोटरीकडे गेलो, तर खुर्चीत कोण? ज्याच्या पोरीच्या लग्नात मी जावयाचे बूट आईस्क्रीमच्या पेटीत लपवले होते, तोच गृहस्थ. त्याने कागद हातात घेतला आणि शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. पालीच्या ओळीला थांबला, पाणी प्यायला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग शकूची सही झाली. आणि खाली माझी, कारण बाईंनी लिहून ठेवलं होतं, 'वरील मजकूर मला मान्य आहे.' शिक्का त्याने असा मारला, की जणू गेल्या कित्येक वर्षांची आईस्क्रीमची पेटी फोडत होता.

आणि व्हिसा झाला. खोटं कशाला बोलू, बातमी आली तेव्हा कॉलनीत सगळ्यात आधी पेढे मीच वाटले. निम्मे पेढे मिठाचे होते, ते जाऊ द्या.

किरण निघाली त्या दिवशी ती माझ्या पाया पडली. उठताना मात्र तिने माझा कान धरला, चांगला कचकन पिळला आणि म्हणाली, "मामीला नीट सांभाळा. नाहीतर गाठ माझ्याशी आहे." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कानामुळे. तुम्ही दुसरं काही समजू नका.

आता ती तिकडे अमोलबरोबर एकाच टेबलावर नाश्ता करते, फोटो पाठवते. आम्ही इकडे सुखात असतो, पण शकूने त्या शपथपत्राची झेरॉक्स काढून, प्लास्टिक चढवून कपाटात ठेवलीय. परवा मुलाला मी खणखणीत आवाजात दम दिला, की उद्यापासून मंडपावर मी जातीने लक्ष घालणार. त्याने मान वर न करता हाक मारली, "आई, तो कागद आण गं."

सांगा आता, आहे का काही इलाज? ज्याच्या नावाने नाशिक रोडचे नवरदेव बूट उशाखाली घेऊन झोपायचे, तो माणूस निरुपद्रवी आहे, हे सातासमुद्रापलीकडच्या सरकारने तपासून मान्य केलंय. खाली सही माझीच, त्यामुळे कुठे दादही मागता येत नाही.

तुमचा चहा गार झाला वाटतं. दुसरा टाकायला सांगितला असता, पण या घरात माझं ऐकतंय कोण?