निदाच्या पाठीवरचा खो

गुहागरच्या वाड्यांमध्ये वर्षानुवर्षं सुपारी सोलून दमयंतीचे तळवे राठ झाले होते. संध्याकाळी तेच हात मैदानावर यायचे. एकेकाळी ती जिल्ह्याच्या खो-खो संघातून खेळली होती. आता चाळिशी ओलांडल्यावर गावातल्या मुलींना शिकवत होती. "ताईचा खो बसला की तीन दिवस पाठ बोलते," असं मुली म्हणायच्या. तिला ते आवडायचं.

निदा आली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचे अब्बा सुदानमध्ये, खार्तूमला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. तिथे लढाई पेटली. अकरा दिवस घरची सगळी माणसं मधल्या खोलीत जमिनीवर पडून राहिली, मग बस, बोट, विमान करत गावी पोचली. तिची आई जन्नत स्वतः मैदानावर आली. "पोर घराबाहेर पडत नाही, दमयंतीबाय. जरा पळवा तिला."

पळताना निदा कुणाच्या हाती लागेना. दमयंती हरखली आणि तिथेच चुकली. पहिल्याच आठवड्यात तिने निदाला ओळीत, चौथ्या चौकोनात बसवलं. संघातली तेजस्वी मागून आली आणि पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

निदा पालथी पडली. दोन्ही हात डोक्यावर घट्ट.

"अगो, खो दिलाय, गोळी नाय मारली!" तेजस्वी म्हणाली. चारजणी हसल्या. निदा उठेचना, तेव्हा त्यांचं हसू विरलं.

दुसऱ्या दिवशी जन्नतचा निरोप आला: आता पोरीला पाठवत नाही.

दमयंती दिवसभर विचार करत राहिली. खो मागूनच द्यावा लागतो. आधी सांगून दिला तर पळणारी सावध होते. खेळ बदलता येणार नव्हता, आणि निदाला तशीच बसवणंही बरं नव्हतं. संध्याकाळी ती जन्नतच्या दारात उभी राहिली. "एकदा पाठवा. तिला बसवणार नाही. मी बसेन."

मग रोज सराव संपला की दमयंती चौकोनात बसायची आणि निदा मागून येऊन खो द्यायची.

"ताई, मी कधी येते ते तुम्हाला कळतं?"

"छे."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते की. एखाद दिवशी लाथ घालशील."

निदा पहिल्यांदा खुदकन हसली. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "आज मी बसते."

दमयंतीने हात उगाच ओढणीला पुसले. पोर पुन्हा पालथी पडली तर परत मैदानावर येणार नव्हती. ती मागून गेली आणि मांजराच्या पिलाला लावावा तसा हात लावला. "खो."

निदाने मान वळवली. "हा खो? पंचांना ऐकू तरी येईल का?"

"ताईचा हात म्हातारा झाला!" लांबून तेजस्वी ओरडली.

"तू गप गो!" दमयंतीने दटावलं.

ती पाच पावलं मागे गेली आणि धावत आली. या वेळी तिने हात आवरला नाही. "खो!"

निदाचे हात डोक्याकडे उठले. अर्ध्यात थांबले. मग खाली आले, लाल मातीत टेकले, आणि ती झेपावली. खुंटाला वळसा घालून धापा टाकत परत आली.

"दुखलं हां, ताई," ती पाठ चोळत म्हणाली, आणि पुन्हा चौकोनात जाऊन बसली.