मासेवाल्या वहिनींचं शिळं पाणी

वहिनींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नव्हे. मासे गार पाण्यातच पकडावे लागतात. उन्हं वर आली आणि पाणी कोमट झालं की जाळीत आलेला मासा लगेच दमतो. दमलेला मासा डब्यात घातला तर वाटेतच उलटा होतो. म्हणून अंधारात उठायचं, आरोग्य खात्याच्या इमारतीमागे जायचं आणि उजाडायच्या आत डबे भरून ठेवायचे.

मी त्याच खात्यात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरत होतो. झालेले डास मारायचे हे माझं काम. डास होऊच द्यायचे नाहीत हे त्यांचं. दोघांना भाग एकच वाटून दिला होता, त्यामुळे त्यांचं काम मी जवळून पाहिलं. आजही कोणी कामचुकारपणा केला की मला त्या आठवतात.

इमारतीच्या पुढच्या बाजूला लसीकरणाची खोली होती. तिथे बाळं रडायची. शेजारच्या खोलीत वजनकाटा होता. तिथे तीच बाळं हसायची, कारण वजनाच्या झोळीत झोका मिळायचा. मग क्षयाच्या गोळ्यांची खिडकी, जन्ममृत्यूच्या दाखल्यांचं टेबल. मागे आमचं पंपांचं कोठार, पावडरीच्या गोण्या आणि भिंतीला लागून कमरेइतकी उंच, लांबलचक सिमेंटची टाकी. त्या टाकीत गप्पी मासे.

गप्पी म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा. साचलेल्या पाण्यात सोडला की डासांच्या अळ्या खातो. त्याला औषध लागत नाही, वीज लागत नाही.

"पगारही मागत नाही," वहिनी म्हणायच्या. "पगार मला द्या, पोट त्याचं तो भरतो."

हे मासे घरोघरी पोचवायचे. एका हातात एक डबा. डबा काठोकाठ भरायचा नाही, एक तृतीयांश रिकामा ठेवायचा, माशाला हवा लागते. तोंडावर ओलं फडकं. पाणी हिंदकळू द्यायचं नाही, म्हणजे गुडघे किंचित वाकवून चालायचं. उजव्या हातात डबा असला की दुखतो डावा खांदा. खोटं वाटत असेल तर उचलून बघा. वहिनी असे दोन डबे घेऊन जिने चढायच्या आणि वर पोचल्यावर धाप लागलेली दाखवायच्या नाहीत. "धाप दिसली की लोक पाणी विचारतात," त्या म्हणायच्या. "पाणी प्यायला बसलं की डबा तापतो."

सुरुवातीला लोकांनी त्यांचा जीव खाल्ला. "मासेवाली आली" एवढं ऐकून एक जण ताट घेऊनच बाहेर आला होता.

"कसे दिले?"

"फुकट."

"साफ करून देणार?"

"हे मासे तुम्ही खायचे नाहीत, दादा. हे तुमच्यासाठी खातात."

तो ताट पाठीमागे लपवत आत गेला. पुढे पाच वर्षं त्याच्या पिंपात मासे टिकून होते.

त्यांचा नवरा आमच्याच खात्यात होता. त्याला सगळे पावडरवाला म्हणत. विहिरीत, टाक्यांत पाणी शुद्ध करायची पावडर टाकायची हे त्याचं काम. माझा जुना दोस्त, म्हणून त्या माझ्या वहिनी. तो जेवणाच्या सुट्टीत सांगायचा, "मी पाण्यातले जंतू मारतो आणि ही पाण्यात मासे सोडते. आमचा संसार म्हणजे एकानं पुसायचं, दुसऱ्यानं सांडायचं."

टाकीजवळ तीन निळी पिंपं होती. नळाचं पाणी वहिनी आधी त्या पिंपांत भरायच्या, दोन दिवस उघडं ठेवायच्या आणि मग बादलीनं टाकीत ओतायच्या. रोज. त्याला त्या शिळं पाणी म्हणत.

"अन्न शिळं होतं, पाणी कसलं शिळं?" पावडरवाला खो खो हसायचा.

वहिनी बादली उचलून टाकीकडे वळायच्या.

एकदा बहिणीच्या बाळंतपणासाठी त्या दोन दिवस गावाला गेल्या. माशांना खाणं घालायचं काम पावडरवाल्याकडे आलं. बादल्याही त्याच्याकडे आल्या. संध्याकाळपर्यंत त्याची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पैशानं नळी आणि तोटी घेऊन आला. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीपासून थेट माशांच्या टाकीपर्यंत त्यानं नळी जोडली. सांधा असा बसवला की एक थेंब गळत नव्हता. काम चांगलं होतं, ते मी मान्य करीन.

"आता तिला एकही बादली उचलायला नको," तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आल्यावर बघच, कशी हरखते ती."

रात्रभर टाकी हळूहळू भरावी म्हणून त्यानं तोटी थोडी उघडी ठेवली. गच्चीवरची टाकी त्याच सकाळी त्यानंच धुतली होती आणि नेमानं तिच्यात पावडर टाकली होती. ज्या हातानं पावडर टाकली त्याच हातानं नळी जोडली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्या हाताच्या मालकाला सुचलं नाही.

सकाळी टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मासे सगळे वर होते, आडवे.

वहिनी गाडीतून उतरून परस्पर तिथेच आल्या, हातात पिशवी तशीच. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला, मग नळीकडे पाहिलं. नळीवरून नजर गच्चीपर्यंत गेली आणि तिथून नवऱ्यावर उतरली.

"अगं, पिण्याचं पाणी आहे ते," पावडरवाला पुटपुटला. "माणसाला चालतं."

"माणसाला चालतं. माशाला विष आहे. पावडर उडून जावी म्हणून तर दोन दिवस उघडं ठेवते."

"मग हे कधी सांगितलं का नाहीस?"

"शिळं पाणी म्हटलं की तुम्ही हसायचात. हसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

त्यानं तोटी घट्ट बंद केली. मग हळूच म्हणाला, "तुझ्या बादल्या वाचाव्यात म्हणून केलं गं." वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि जाळी हातात घेतली. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

इमारतीचा सगळा कारभार पाहणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई सरळ होत्या. त्यांनी जे होतं ते सांगितलं. गुरुवारी वरून मोठे साहेब पाहणीला येणार होते. माशांचं काम बंद करून त्याऐवजी डबक्यांवर ओतायचं तेल घ्यावं, अशी चर्चा वर आधीच चालू होती. वहिनींची नेमणूक दर वेळी एका हंगामापुरतीच असायची. टाकीत मासे दिसले तर पुढे चालू, नाही तर संपली.

"रिकामी टाकी दाखवून मला तुमचं काम वाचवता येणार नाही," बाई म्हणाल्या. "काय करताय बोला."

"टाकी धुते," वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघांनी टाकी उपसली. साबण नाही, नुसता ब्रश, चार वेळा. पिंपांतलं शिळं पाणी ओतल्यावर टाकी अर्धीच भरली. मी म्हटलं, "वहिनी, पाणी झालं. मासे कुठून आणायचे? इतक्या लवकर कोण देणार?"

"आणायचे कशाला, भाऊजी? आपलेच आहेत. घरोघरी नांदायला दिलेत," त्या म्हणाल्या. "चार दिवस माहेरी बोलवायचे."

डबे घेऊन आम्ही निघालो. पहिल्या दारात वहिनी उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलताच येईना. इतकी वर्षं त्या दारांत द्यायला गेल्या होत्या. मागायची सवय नव्हती. घरातली बाई विचारत होती, "काय झालं मावशी?" आणि मावशी फडक्याचं टोक पिळत होत्या.

तेव्हा पावडरवाला पुढे झाला.

"बाई, हिचे सगळे मासे माझ्या हातून मेले," तो म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. नळी, तोटी, पावडर, शिळं पाणी. काही गाळलं नाही.

ती बाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, पाण्यात राहून माशांशी वैर करू नये म्हणतात. तुम्ही तर मासेवालीच्या घरात राहून केलंत!" तिनं शेजारणीला हाक मारली. "अगं ए, इकडे ये, हे काय सांगतायत ऐक. सांगा हो पुन्हा."

त्याला पुन्हा सांगावं लागलं. पुढच्या दारात पुन्हा. दुपारपर्यंत गोष्ट आखडून एवढीच उरली होती: "मी मारले, ही मागतेय, तुम्ही द्या." पण बातमी आमच्या पुढे पळत होती. दारातल्या बायका आधीच कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. "असं नाही. नळीपासून सांगा."

वहिनी दुसऱ्या गल्लीत हसायला लागल्या. आधी फडक्याआड, मग उघडपणे.

आणि लोकांनी मासे दिले. "पाच घ्या म्हणून माझ्या डोक्यावर बसला होतात, आता पिंप भरलंय. न्या बाई!" "माझे धष्टपुष्ट आहेत हं, शेजारच्या मरतुकड्यांत मिसळू नका." एका म्हाताऱ्यानं त्याचे मासे परत करताना विचारलं, "पाहणी झाल्यावर हेच परत मिळतील ना?" वहिनी म्हणाल्या, "हेच नाही मिळाले तर यांची नातवंडं देईन."

शिंपीकाकांच्या दुकानावरून आम्ही तसेच पुढे चाललो होतो. काकांनी कधी पिंपाचं झाकण उघडू दिलं नव्हतं. "माझ्या पाण्यात जीव सोडायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं. गेल्या वर्षी वहिनी चिडून एका काचेच्या बरणीत चार मासे त्यांच्या फळीवर ठेवून आल्या होत्या. मन बदललं तर ओता, म्हणून.

"मावशी!" काकांनीच हाक मारली. "सगळ्या गल्लीकडे मागितलंत. मी काय पाप केलंय?"

बरणी शिलाई मशीनच्या शेजारी, खिडकीच्या उजेडात होती. वहिनींनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे माझे नव्हेत, काका. माझे करडे असतात."

"वरून करडे. बाजूनं बघा की."

वहिनी खाली बसल्या. डोळे बरणीच्या उंचीवर आले. एक नर वळला. त्याच्या शेपटीवर नारिंगी पट्टा होता, अंगावर निळा ठिपका, जरा वळला की तो हिरवा दिसायचा. टाकी सिमेंटची, पिंपं निळी, डबे पत्र्याचे. हजारो मासे या बाईच्या हातांतून गेले होते, पण तिला दिसली होती ती फक्त त्यांची पाठ.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे असे असतात होय."

बराच वेळ त्या उठल्याच नाहीत. डबा तापत होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. असं मी एकदाच पाहिलं. शेवटी मीच डबा सावलीत सरकवला.

"शिवून शिवून डोळे शिणले की यांच्याकडे बघतो," काका म्हणाले. "म्हणून हे देणार नाही. पिल्लं न्या, त्या दुसऱ्या बरणीत आहेत."

"बरणी लहान आहे यांना," वहिनी उठता उठता म्हणाल्या. त्यातही त्यांची नजर चुकली नाही.

गुरुवारी साहेब आले, टाकीवर वाकले. सावली पडल्याबरोबर मासे तळाला गेले.

"कुठायत मासे?"

"साहेब, जरा मागे सरका," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी श्वास रोखला. साहेब मात्र मुकाट्यानं मागे सरकले. त्या दिवशी मी एक डबकं मुद्दाम फवारलं नव्हतं. त्यातलं पाणी, वळवळणाऱ्या अळ्यांसकट, मी मगात आणलं होतं. वहिनींनी ते टाकीत ओतलं. तळ हलला. पाणी वरून खवळलं आणि क्षणात पुन्हा शांत झालं. एक अळी उरली नव्हती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून आहे का हो?"

मी आणखी दोन मग आणले. साहेब लहान मुलासारखे वाकून बघत होते, या वेळी सावली न पाडता. तेलाची चर्चा पुन्हा कोणी काढली नाही, आणि वहिनींची नेमणूक पुढे निवृत्तीपर्यंत चालली.

त्याच संध्याकाळी पावडरवाला पाना घेऊन नळी काढायला आला.

"काढू नका," वहिनी म्हणाल्या. "सांधा चांगला बसलाय. तोंड फक्त पिंपांकडे वळवा. पिंपं भरायच्या बादल्या तरी वाचतील."

त्यानं तोंड वळवलं. पिंपांतून टाकीत ओतायच्या बादल्या उरल्या, त्या त्यानं स्वतःकडे घेतल्या. त्यानंतर शिळ्या पाण्यावर तो कधी हसला नाही. दुसरं कोणी हसलं तर उभं करून कारण समजावायचा, नळीपासून.

वहिनींच्या पगारानं घराचे पत्रे बदलले, मुलीचं शिक्षण झालं, नवऱ्याची कवळी झाली. शेवटचा पगार हातात आला तेव्हा त्या आम्हा दोघांना घेऊन बाजारात गेल्या. दुकानदार रंगीत मासे दाखवायला लागला.

"मासे आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "काच दाखवा."

त्यांनी एका वावेची, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांब टाकी निवडली. जाड काच दिसते त्यापेक्षा जड असते. मी आणि पावडरवाल्यानं ती मध्ये दोनदा टेकवत घरी आणली. पाणी त्यानं भरलं, दोन दिवस उघडं ठेवलं, आणि वास घेऊन घेऊन बायकोला विचारलं, "झालं का शिळं?" ती हो म्हणाल्यावरच मासे आत गेले.

पगारातले थोडे पैसे उरले होते. त्यांतून वहिनींनी सुताराकडून एक बुटकी खुर्ची करून घेतली. बसलं की डोळे बरोबर पाण्याच्या मधोमध यावेत, एवढ्याच उंचीची.